यू तार्वेनचा तिखट कांदा

जावा बेटावरच्या आमच्या ब्रेबेसच्या शिवारात तार्वेनशी भांडून कुणी जिंकल्याचं मला तरी आठवत नाही. मी तिची शेजारीण. तिच्या नि माझ्या कांद्याच्या वाफ्यांमध्ये फक्त एक पाण्याचा चर. मी तिला 'यू' म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं; ती मला वाट्टेल ते म्हणते.

तिचा तुकडा हाजी तोरिकिन यांचा, ती खंडानं कसते. गेल्या हंगामात हाजी बांधावर येऊन उभे राहिले. शिवारभर कांद्याची पात जाडजूड, तार्वेनची आपली बेताची.

"तुझं ते गंधकाचं पांढरं खत बंद कर," हाजी म्हणाले. "नुसता युरिया टाक. नाहीतर पुढच्या हंगामाला जमीन दुसऱ्याकडे."

"द्या की! पण मी कसतेय तोवर खत माझ्या मनाचं. तुमच्या शेतात जाऊन बघा. वरची कोवळी पात पिवळी नि खालची हिरवी. युरियाची भूक असती तर खालची आधी पिवळी पडली असती. गंधक हवंय त्याला, तिखटपणा त्यानंच येतो!"

हाजी ऐकतात होय? आमच्याकडे पात पिवळी दिसली की हात युरियाच्या पोत्याकडेच जातो. त्यांनी आणखी टाकला.

मला मात्र धडकी भरली. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या तुकड्यावरच चाललंय. म्हटलं, "यू, जरा नमतं घे गं."

"तू गप! गोडच खायचं तर कांदा कशाला लावायचा? ऊस लाव."

काढणी झाली आणि हाजींच्या मुलीचं लग्न आलं. कुरकुरीत तळलेला कांदा नसेल तर आमच्यात त्याला लग्नाचं जेवण म्हणत नाहीत. स्वयंपाकीण रोकायानं हाजींचा टपोरा कांदा चिरला. डोळ्यांत टिपूस नाही! तेलात टाकला तर नुसता गळून बसला. तिनं झारा आपटला. "हा कांदा आहे की काकडी? तार्वेनचा आणा, नाहीतर मी चालले घरी."

पाहुणे येऊ लागलेले. शेवटी हाजी स्वतः तार्वेनच्या दारात गेले. तिनं चुलीवर धुरात टांगलेल्या जुड्या उतरवल्या.

"कांदा देते. पण चिरायला तुम्ही बसायचं."

आणि बसले की हो! कमरेचं नवं कोरं सारोंग लुंगीसारखं सावरत, आम्हा बायकांच्या घोळक्यात. तिसऱ्या कांद्याला डोळ्यांतून धारा लागल्या. आम्ही तोंडाला ओढणी लावून हसतोय. मला तर इतका आनंद झाला, काय सांगू!

"तार्वेन," हाजी नाक ओढत म्हणाले, "जमीन राहू दे तुझ्याकडे."

"आधी डोळे पुसा. उद्या म्हणाल, रडता रडता तोंडातून गेलं."

हाजींनी बाहीनं डोळे पुसले. ते आणखीच झोंबले.

"जमीन तुझ्याकडे. आणि खत तुझ्या मनाचं."

"मोठ्यानं," तार्वेन म्हणाली. "मांडवापर्यंत ऐकू जाऊ दे."