कॉरिडॉरमधला नारळ

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात कामापेक्षा किस्सेच भराभर साठतात. काम म्हणाल तर नेपाळ-भूतानच्या व्यापाऱ्यांची आपल्याकडच्यांशी गाठ घालून द्यायची, म्हणजे नव्या व्यापारी कॉरिडॉरवरून माल सीमेवर न अडकता ये-जा करेल. माणसं तीन. साठेसाहेब, वैशाली परब आणि मी.

*

नेपाळशी पहिला व्हिडिओ कॉल अकराला. साहेब टाय लावून ठोक्याला हजर. समोर रिकामी खुर्ची! त्यांचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं. ते वाट बघून उठून गेले होते.

साहेब भडकले. "शेजारचा देश ना? मग मधली पंधरा मिनिटं कुणी खाल्ली?"

*

साहेब पार्ल्याचे. पाहुण्याला शाल-श्रीफळ दिलंच पाहिजे. भूतानच्या पाहुण्यांचे नारळ विमानतळावर सिक्युरिटीने काढून घेतले. हॅण्डबॅगेत चालत नाहीत म्हणे.

वैशाली भीत भीत म्हणाली, "सर, नारळ बंद करूया ना."

"छे! पुढच्या वेळी शाल मोठी द्या. गुंडाळून नेतील!"

*

घाटकोपरचे एक मसालेवाले शेठ. नेपाळची वेलची मागवायला एका पायावर तयार. फक्त त्यांच्या एकट्याच्या मालाने ट्रक भरेना, म्हणून मुलुंडच्या एका व्यापाऱ्याबरोबर मागवा म्हटलं. शेठ ताडकन उठले. "काठमांडू चालेल. मुलुंड नको!"

वैशालीने चहावर चहा पाजून कसंबसं पटवलं.

*

मग हेड ऑफिसचा फोन. या महिन्यात एक तरी करार दाखवा, नाहीतर तुमचं नेपाळ-भूतान डेस्क बंद. साहेबांना आणि मला दुसरीकडे घेतलं असतं. वैशाली कॉन्ट्रॅक्टवर, आणि बोरीवलीचं अख्खं घर तिच्या पगारावर. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

वेलचीचे मोठे व्यापारी श्रेष्ठजी नेपाळहून आले. एकदाही हसले नाहीत. करार वाचला, बाजूला ठेवला. "सोचकर बताता हूँ." मुलगी बघून गेलेले लोक 'कळवतो' म्हणतात ना, अगदी तसं! साहेबांनी तरीही शाल-श्रीफळ दिलंच.

*

श्रेष्ठजींना विमानतळावर सोडायला वैशाली आणि मी गेलो. सही नसलेला करार वैशालीच्या पर्समध्ये. गेटसमोर श्रेष्ठजी उतरले. अंगावर शाल, एका हातात बॅग, दुसऱ्यात नारळ.

वैशालीला सांगावंच लागलं. "सर, ये नारियल अंदर नहीं ले जाने देंगे."

ते थांबले. "मॅडम, आपका एक नारियल बॉर्डर पार नहीं करता. मेरी इलायची कैसे करेगी?"

वाट लागली!

वैशाली मूळची मालवणची. तिने त्यांच्या हातातला नारळ घेतला आणि फुटपाथच्या कडेवर आपटला. फाट! बंदूकवाला जवान धावत आला. "ये क्या हो रहा है?"

मी पुढे होणार तोच ती पुटपुटली, "गप रव रे." आणि जवानाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्याने इकडेतिकडे बघून तोंडात टाकला.

मोठा तुकडा तिने श्रेष्ठजींपुढे धरला. "खाके जाइए, सर. पेट में कौन चेक करता है?"

श्रेष्ठजी उभ्या उभ्या चावत राहिले. विमानाची वेळ होत आली होती.

शेवटी त्यांनी शालीला हात पुसले.

"पेन है?"