टेलिफोनच्या लाल पेटीत म्युरिएल

म्युरिएल मेटकाफ शाळेत मुलांचा स्वयंपाक करायची, पण यॉर्कशरच्या त्या डोंगरी गावात तिची खरी ख्याती होती ती बोलण्यात. चौकातली बिडाची लाल टेलिफोनपेटी सरकारनं नुकतीच वारसा म्हणून जपायला घेतली होती. एकोणीसशे एकोणनव्वदच्या मे महिन्यात गावसजावटीची स्पर्धा आली, तेव्हा रीतसर परवानगी काढून पेटी रंगवायचं काम म्युरिएलनं हौसेनं अंगावर घेतलं.

दाराच्या कडा रंगवून झाल्या आणि तिला लीड्सच्या बहिणीची आठवण आली. ती आत शिरली, वाऱ्यानं दार लागलं, गप्पा तासभर चालल्या. फोन ठेवून दार ढकलते तर रंग वाळून ते गच्च चिकटलेलं.

एप्रनच्या खिशात एकच नाणं उरलं होतं. गावातला पाठ असलेला नंबरही एकच, वॉल्टर अ‍ॅल्डरसनचा. एके काळी ती त्याला याच पेटीतून रोज फोन करायची. मग कशावरून तरी बिनसलं. दोघंही बिनलग्नाची राहिली आणि अठ्ठावीस वर्षं हवापाण्यापलीकडे बोलली नाहीत.

वॉल्टर मेंढ्या टाकून घरातल्या सपातांवरच धावत आला. मागोमाग निम्मा गाव, आणि कुणीतरी बोलावलेला आगीचा बंब. बंबवाल्यानं पहार काढताच पोस्टातल्या बाई आडव्या आल्या. पेटीला ओरखडाही उठता कामा नये, असं त्यांनी बजावलं. शेवटी वॉल्टर चीज कापायच्या सुरीनं फट मोकळी करू लागला. म्युरिएल आतून सारखी सूचना देत होती, पण बाहेरच्या गलक्यात त्याला अक्षर कळेना. वैतागून तो समोरच्या पोस्टात गेला आणि त्यानं पेटीचा नंबर फिरवला.

“काय म्हणत होतीस?”

“डावीकडून काप म्हटलं.”

“बरं.” तो घुटमळला. “म्युरिएल, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. लग्न करशील माझ्याशी?”

पोस्टाच्या खिडकीतून त्याचे लालबुंद कान तिला दिसले, आणि तिला असं हसू फुटलं की रिसीव्हर हातात ठरेना.

“आधी बाहेर तर काढ रे बाबा,” ती म्हणाली. “इथे मला धड लाजताही येत नाहीये.”

दहा मिनिटांत दार सुटलं. ती थेट त्याच्या गळ्यात पडली. तिच्या एप्रनवरच्या अजून ओल्या रंगानं त्याचा सदरा माखला आणि गावानं टाळ्या पिटल्या.

सप्टेंबरात लग्न झालं. वॉल्टरला नाचता येत नव्हतं, तरी तो असा काही नाचला, की पाद्रीबुवांना खुर्च्या भिंतीकडे सारायला लागल्या.