विषयाच्या रकान्यात आडनाव

बाबा कृषी सहायक होते. आमच्या धाड गावाच्या आसपासच्या शिवारांत वांगी-टोमॅटोची झाडं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर त्यांनी भाजीपाल्यावरच्या किडींचं पुस्तक लिहिलं आणि बुलढाण्याच्या एका वाचनालयाला भेट दिलं. गरजू शेतकऱ्याच्या हाती ते लागावं, एवढंच त्यांना हवं होतं.

शेतीच्या कपाटात ते मला कधी दिसलं नाही. शेवटी मी कार्डांचे खण उपसले. तेव्हा प्रत्येक पुस्तकाचं एक जाड कार्ड असे, विषयवार लावलेलं. बाबांचं कार्ड निघालं 'दलित साहित्य'च्या खणात. आम्ही बौद्ध. कार्ड करणाऱ्यानं मुखपृष्ठावरचं आडनाव वाचलं आणि विषय ठरवून मोकळा झाला. एक पान उलटलं असतं तर त्याला वांग्याचा शेंडा पोखरणारी अळी भेटली असती. माझं डोकंच फिरलं. बाबा हसले. "अळीले जात नसते, हे त्यायले कोन सांगन?"

मग वाचनालयात संगणक आला. ग्रंथपाल गोड माणूस. आमचं गाऱ्हाणं ऐकून त्यांनी चहा पाजला आणि ते म्हणाले, "आता काय, रकान्यातला विषय बदलला की झालं."

महिनाभरानं आम्ही दोघं पुन्हा गेलो. बाबांनी एका बोटानं 'शेती' टाइप केलं. गांडूळखत आलं, शेळीपालन आलं, कुणा पुणेकराची गच्चीवरची बागसुद्धा आली. बाबांचं पुस्तक आलं नाही. पुस्तकाचं नाव टाकलं असतं तर आलं असतं म्हणा; पण ज्याच्या वांग्याला अळी लागलीय, त्याला ते नाव कुठून ठाऊक असणार? तो विषयच शोधणार.

ग्रंथपाल लगबगीनं आले. त्यांनी विषयांची यादी उघडली आणि कौतुकानं बोट ठेवलं. खास आमच्यासाठी नवा विषय केला होता: 'दलित कृषी साहित्य'. त्यात एकुलतं एक पुस्तक.

"साहेब, हे शेतीत काऊन नाही?" मी विचारलं.

"अहो, उलट स्वतंत्र मान दिला तुम्हाला! तिकडच्या गर्दीत हरवलं असतं."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मला त्या गोड माणसाची किळस आली, आणि अजून येते. बाबांनी मात्र त्यांना नमस्कार केला.

धाडच्या जीपमध्ये ते कडेला बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पुस्तकावरून माहं नाव काढून टाका म्हना त्यायले. पुस्तक तरी सापडीन."