रागाचा पंचनामा

पाश्को प्रोटेगाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तो शिबेनिकच्या धक्क्यावर होता आणि मी समोरच्या झ्लारिन बेटावर, मामाच्या अंगणात. मध्ये अख्खा समुद्र. तरी त्यानं कुणा ट्रकवाल्याला सात पिढ्यांच्या उद्धारासकट गाडी मागे घ्यायला सांगितलेलं मला शब्दन् शब्द ऐकू आलं. मामाच्या बकरीनं तीन दिवस दूध दिलं नाही. धक्क्यावरचे सीगल उडाले ते इटलीला गेले आणि रविवारी परतले. पुढच्याच आठवड्यात मी पोलिसात रुजू झालो आणि साहेबांनी मला नेमकं त्याच्याच गस्तीच्या गाडीत बसवलं.

माणूस सोन्याचा. म्हाताऱ्यांच्या पिशव्या चार-चार जिने चढवून द्यायचा. चढवताना लिफ्ट न बसवणाऱ्याच्या नावानं बोंब मारायचा, एवढंच. पण आमच्या जोडीच्या नवव्या वर्षी त्यानं एका जर्मन पर्यटकाची टोपी समुद्रात भिरकावली. तक्रार झाली. साहेब म्हणाले, "आणखी एक तक्रार आली की वर्दी उतरवायची."

वर्दीशिवाय पाश्को म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. बायको, नेवेन्का, म्हणाली, "घरी बसलास तर मी माहेरी जाईन. एवढा आवाज दोन खोल्यांत मावायचा नाही."

म्हणून साहेबांनी त्याला आणि सोबत आम्हा अकरा जणांना ताण कमी करण्याच्या वर्गाला धाडलं. झाग्रेबहून व्लास्ता ह्रान्येत्स नावाच्या मानसतज्ज्ञ बाई आल्या होत्या. "डोळे मिटा. श्वासाकडे लक्ष द्या. मनात विचार आला तर नुसता पाहा."

आम्ही दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरची निवांत माणसं. काही न करता बसायला आम्हाला शिकवायचं, म्हणजे माशाला पोहण्याची शिकवणी लावण्यासारखं. दोघं तर लगेच घोरू लागले. पाश्को तेवढा घामाघूम.

"बाई, पाहिलं आणि सोडून दिलं, असं आमच्या खात्यात चालत नाही."

"मग काय करता?"

"नोंद."

"करा मग."

दुसऱ्या दिवशी त्यानं वही आणली आणि खड्या आवाजात वाचली. "सकाळी नऊ वाजून चार मिनिटं. एक विचार, वय अंदाजे सत्तर, चेहरा सासूचा. पोटाकडून डोक्याकडे वेगात जाताना आढळला. हटकलं नाही. नऊ-सहाला स्वतःहून निघून गेला."

आम्ही हसून हसून बाकाखाली गेलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मागून घेतली, पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "प्रोटेगा, तुम्ही हे असंच लिहीत जा."

आठ आठवड्यांत त्याच्या तीन वह्या भरल्या. आरडाओरडा मात्र तसाच. आम्ही म्हणायचो, "काय रे, आज किती विचार पकडलेस?"

मग तो शुक्रवार. मासळी बाजाराच्या दाराशी, रुग्णवाहिकेच्या वाटेत, म्हाताऱ्या क्रशेवानची गाडी उभी होती. पाश्कोनं ती काढायला सांगितली. म्हाताऱ्यानं मासे धुतलेल्या घाण पाण्याची बादली उचलली आणि भर बाजारात त्याच्या अंगावर ओतली. "तुझ्या बापाला चड्डी नव्हती तेव्हापासून इथं गाडी लावतोय मी! मोठा आला शहाणा!"

मोबाइल वर झाले. पाश्कोची मान लाल, मूठ आवळलेली. मी मनात म्हटलं, गेली वर्दी.

त्यानं डोळे मिटले. ओठ हलू लागले. मी शेजारीच होतो म्हणून ऐकू आलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा हा माणूस कुजबुजत होता.

"अकरा वीस. राग. अंगानं दांडगा. पोटातून निघून उजव्या हाताकडे येतोय. खांद्याशी आला. कोपर. मनगटाशी थांबलाय. मागे लाज उभी आहे, लहान चणीची. दोघांना जाऊ दिलं."

मूठ उघडली. खवले टपकत होते.

आमच्याकडे डोंगरावरून सुटणारा 'बुरा' नावाचा वारा मालट्रक आडवे पाडतो. तो वारा कुणी मनगटाशी थांबवून, नोंद करून वाटेला लावलेला मी कधी पाहिला नव्हता. मी टोपी काढली, चर्चमध्ये काढतो तशी.

पाश्कोनं डोळे उघडले. "क्रशेवानकाका, गुडघा कसा आहे? चढता येईल ना गाडीत? की मी बाजूला लावू?"

म्हातारा रिकामी बादली धरून उभाच. "काढतो रे पोरा," तो म्हणाला. "काढतो."

तक्रार आली नाही. वर्दी राहिली. पुढच्या मार्चमध्ये पाठदुखीमुळे पाश्कोला पासपोर्टच्या खिडकीवर बसवलं. तिथं तो अजून आहे. दुपारी बारा ते साडेबारा खिडकी बंद असते; आत नोंद चालू असते.