गिरिजाकाकूंनी माझं ऐकलं

गिरिजाकाकू सकाळचा पहिला चहा कधी प्यायच्या नाहीत. धामणगाव बढ्यात माझ्या मेडिकलला लागूनच त्यांचं घर. ओट्यावर बसून त्या गरम पेला दोन्ही मुठींत धरून ठेवत, आखडलेली बोटं एकेक करून सुटेपर्यंत. तोवर चहाचं पाणी झालेलं असे. "पयला चहा हाताचा, दुसरा तोंडाचा," म्हणत आणि तो सरळ मोरीत ओतत.

संधिवात जुना होता, पण मिरची तोडायला त्या सुनेच्या पुढे. मी रागावलो की म्हणत, "घरात बसून काय हात सडवू?"

आधी मीच त्यांना दुखण्याच्या गोळ्या देत होतो. ज्या द्रव्यानं सूज येते, ते या गोळ्या शरीरात बनू देत नाहीत. पण त्याच द्रव्यावर पोटाचं अस्तरही टिकून असतं. वर्षभरात जळजळ सुरू झाली, एक दिवस शौच काळं झालं, म्हणजे पोटात रक्त सुटलं होतं. "बाबू, तुह्या गोळीनं हात हासते अन् पोट रडते," म्हणाल्या आणि गोळ्या सोडल्या.

मग बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याची भुकटी सुरू झाली. आठ दिवसांत बोटं सुटली, भूक खवळली. चेहरा गोल गरगरीत झाला तशा बाया म्हणू लागल्या, काकूची तब्येत सुधारली. काकूही खूश. मला मात्र ते हात दिसत होते. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, जरा कुठे लागलं की काळानिळा डाग. भुकटीत स्टेरॉइड कुटून घातलंय हे ओळखायला मला दोन वर्षं लागली, याची आजही लाज वाटते.

त्या दिवशी मी भडकलो. "काकू, हे जहर हाय. हाडं पोकळ होतीन तुमची. आजपासून बंद." आणि त्यांच्यादेखत डबा नालीत रिकामा केला.

काकू रिकाम्या डब्याकडे बघत राहिल्या. "बरं बाबू. तू शिकेल हायेस."

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक लहान ग्रंथी असते. रोज लागणारं स्टेरॉइड तीच बनवते. बाहेरून आयतं मिळू लागलं की ती झोपी जाते. मग बाहेरचं एकदम तोडलं तर अंगात ते उरतच नाही आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून हे औषध थोडं थोडं कमी करत सोडायचं, तिला जागं व्हायला वेळ द्यायचा. हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. रागाच्या भरात एवढंही आठवलं नाही मेल्याला.

चौथ्या दिवशी काकूंना उलट्या सुरू झाल्या. त्यांचा मुलगा सुभाष म्हणाला, ऊन लागलं असंन. मीही मान डोलावली आणि उलटीची गोळी दिली. सहाव्या दिवशी त्यांना उभं राहवेना. बुलडाण्याला नेताना गाडीत त्यांच्या गार हाताची नाडी मला सापडेना, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पोचताच डॉक्टरांना भुकटीचं सांगितलं. त्यांनी लगेच स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं आणि वळून विचारलं, "एकदम बंद करायला कुणी सांगितलं?"

मी काही बोलायच्या आत काकू पुटपुटल्या, "मीच टाकून देल्ली. कडू लागे मले."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दुपारी काकू गेल्या.

सुभाषला मी अजून काही सांगितलेलं नाही. परवा बायकोचा गुडघा सुजला म्हणून तो तिला घेऊन दुकानात आला. मी म्हटलं, आधी डॉक्टरला दाखव.

"डॉक्टर कायले, भाऊ? तुम्ही सांगान तसं करू. मायही तुमचंच आयके."