हलव्याशिवाय बोरन्हाण

मला चिक्कू म्हणा, विक्षिप्त म्हणा, नातवाच्या बोरन्हाणात साखरेचा हलवा येणार नाही, हे मी संक्रांतीआधीच जाहीर करून टाकलं. विक्रोळीच्या आमच्या इमारतीत कुजबुज सुरू झाली. शेजारीण तर दारातच म्हणाली, "काकी, हलव्याच्या दागिन्यांशिवाय कसलं हो बोरन्हाण?"

"दागिने आहेत की. उद्या ये, बघ."

माझ्या लेकीला तिसऱ्या वर्षी मी हौसेनं हलव्याचा हार ओवून घातला होता. कार्यक्रम संपला तरी ती तो काढू देईना. एकेक दाणा चोखत घरभर फिरायची, आणि मला त्याचं कौतुक! हार संपल्यावर मीच डब्यातला हलवा तिच्या मुठीत द्यायला लागले, कारण तोंडात दाणा असला की ती गप्प बसायची. वर्षभर हेच चाललं. पुढचे दात काळे पडून झिजले, तरी मी म्हणायचे, दुधाचेच आहेत, पडतील. बालवाडीतली पोरं तिला 'किडकी' म्हणायला लागली. मग ती तोंडावर हात धरून हसायला लागली.

साकीनाक्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाल्या, जेवणाबरोबर एकदा गोड खाल्लं तर तोंड सावरतं. सतत चोखत राहिलं तर तोंडातले जंतू त्या साखरेचं दिवसभर आम्ल करतात आणि दात विरघळत जातो. मला स्वतःचा भयंकर राग आला. तो अजून गेलेला नाही.

म्हणून नातवाला मी भुईमुगाच्या शेंगांचा हार ओवला, बोरांचे बाजूबंद केले. लुटायला गाजराचे तुकडे, ओले हरभरे आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या. त्यातली गोडी त्या जंतूंना पचत नाही. शेजारणीनं एक गोळी तोंडात टाकली.

"थंडगार लागते हो! आणि गोड आहे की!"

"मग? मी काय कारलं वाटणार होते?"

पाटावर बसलेला नातू हारातलीच शेंग फोडून खात होता. डोक्यावर बोरं पडली तसा तो सगळे दात दाखवून खिदळला. त्याच्याकडे बघून माझी लेकही हसली. तिचे नवे दात येऊन पंचवीस वर्षं झाली, सरळ आणि पांढरे आले. तरी तिचा हात तोंडावर गेलाच.

बोलू देत इमारतीला काय बोलायचं ते. पुढच्या वर्षीही हलवा नाही.