नऊ वारांचा पुरावा

सासूबाईंना जाऊन सोळा दिवस झाले. चौदावा झाला, पाहुणे गेले, आणि मी पुन्हा वाचायला बसले. ‘द होल नाइन यार्ड्स’ हा इंग्रजीतला वाक्प्रचार. अर्थ सोपा : सगळंच्या सगळं, हातचं काही न राखता. पण हे नऊ वार कशाचे, हा वाद अजून चालूच आहे. अलीकडे एवढंच कळलंय की अमेरिकेतल्या जुन्या वर्तमानपत्रांत नऊच्या आधी ‘सहा वार’ छापलेले सापडतात. ते वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. सासूबाई जिंकल्या होत्या.

सन ऐंशीनंतरची गोष्ट. नागपुरातल्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते, नेमणूक तात्पुरती. दर शनिवारी दुपारी विभागातला एकजण टिपण वाचायचा आणि बाकीचे चहा पीत त्याच्या चिंध्या करायचे. माझी पाळी आली तेव्हा मी हा वाक्प्रचार घेतला. ग्रंथालयात येणाऱ्या एका अमेरिकन मासिकात वाचकांचं त्यावर भांडण जुंपलं होतं. कोणी म्हणे, लढाऊ विमानातला गोळ्यांचा पट्टा नऊ वार असतो. कोणी म्हणे, काँक्रीटच्या ट्रकात नऊ घनवार माल मावतो. कोणी म्हणे, चांगल्या सुटाला नऊ वार कापड लागतं.

मला उत्तर सापडलं होतं. आपलं नऊवारी लुगडं! मध्यप्रांतातल्या गोऱ्या साहेबांनी हे ‘नऊ वार’ बाजारात ऐकले आणि बोटीनं घरी नेले. विभागप्रमुख खूश झाले. ‘वाचा, मग मासिकालाच पाठवू,’ म्हणाले. मला कायम करण्याची शिफारसही त्यांनीच करायची होती.

शुक्रवारी संध्याकाळी मी सासूबाईंकडे एक लुगडं मागितलं. त्या उमरेडच्या विणकराच्या लेक, शाळा दुसरीपर्यंत.

“काहून वं? तू तं पातळं नेसतं.”

मी सगळं समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग तोंडाला पदर लावून हसल्या.

“अवं, नऊ वार असते कुठी?”

त्यांनी पेटीतून दोन लुगडी काढली आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत धरून हातानं मोजली. दोन हातांचा एक वार. पहिलं सतरा हात भरलं, दुसरं साडेसोळा.

“धुऊन आखडली असतील, आई.”

त्या पुन्हा पेटीकडे वळल्या. भावानं विणून पाठवलेलं एक कोरं लुगडं तळाशी होतं. सणाला नेसायचं म्हणून राखलेलं. “हे उद्या तुह्या मास्तरांपुढं मोजू,” म्हणाल्या. “मी येतो.”

“पण मग माझं टिपणच खोटं ठरेल.”

“ठरू दे. उद्या दुसऱ्या कोनी मोजलं तं?”

शनिवारी प्रमुखांच्या टेबलावर त्यांनी त्या लुगड्याची घडी मोडली. टिपण हातात धरून मी लुगड्याचा मुद्दा सांगितला आणि त्यांनी मोजायला घेतलं. सतरा हातांवर काठ संपला.

“म्हणजे विणकरानं कापड मारलं,” एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले.

“माह्या भावानं विणलं हे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “गिऱ्हाईकच तेवढं मागते. जास्त झालं तं पायात येते. पन साडेआठवारी मागाले लाज वाटते ना, म्हनून नऊवारी.”

“तर मग आता भाषाशास्त्र कोपरानं मोजायचं, मॅडम?” त्याच प्राध्यापकांनी मला टोमणा मारला.

बाईंनी त्यांच्या सुटाकडे पाहिलं. “तुमच्या कोटपँटीले किती लागलं, सर?”

“साडेतीन मीटर.” ते थांबले. “जाकिटासकट.”

पहिल्यांदा हसले ते प्रमुख. मग सगळी खोली हसली, ते प्राध्यापकही.

“मंग नऊ कुठून आलं?” प्रमुखांनी आता त्यांच्याच बोलीत विचारलं.

“पहिले कमी असन. मानूस सांगता सांगता वाढवते. कोनी मोजलं असतं तं वाढलं नसतं.”

मी टिपण घडी करून पर्समध्ये टाकलं आणि उभी राहिले. म्हणाले, या वाक्प्रचाराचा उगम मला माहीत नाही. लुगड्यातून तो आला याला माझ्यापाशी पुरावा नाही. आणि ट्रक, पट्टा, सूट सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी मोजून पाहिलं, तेही मला कळलेलं नाही. इतकं मोकळेपणानं मी त्या खोलीत कधी बोलले नव्हते.

प्रमुखांनी चष्मा काढून पुसला. “मासिकाला हेच पाठवा,” म्हणाले. “आणि तुमच्या अर्जाचा कागद सोमवारी माझ्याकडे आणा. मी शेरा लिहितो.”

बाई लुगड्याच्या नव्या घड्या घालत होत्या. एका बाजूनं कोटवाले प्राध्यापक काठ धरून उभे होते, आणि बाई त्यांना सांगत होत्या, “सर, ताणून धरा. ढिलं नका सोडू.”